सूर्य वळतो तेव्हा विस्तव कुठे असतो?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून माघातल्या रथसप्तमीपर्यंत पवना नदीच्या दोन्ही काठांवर किती तऱ्हेचे विस्तव पेटतात, याची यादी करायला बसलं तर ती बरीच लांबते. पलीकडे पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरांची लाल लोई आणि पंजाबी कुटुंबांची लोहरी, दोन्ही १३ जानेवारीच्या रात्री. अलीकडे काळेवाडीत कामधंद्यासाठी येऊन राहिलेल्या तेलुगू मंडळींच्या मुलखात त्याच सुमाराला, भोगीच्या पहाटे, ‘भोगी मंटलू’ पेटतात. फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांची आणि रखवालदारांची शेकोटी असते, तिला ना तिथी ना मुहूर्त. आणि शेवटी रथसप्तमीला, अजून चाल राखलेल्या मराठी घरांत, गोवरीच्या विस्तवावर मुद्दाम उतू जाऊ दिलेलं बोळकंभर दूध.

शेकोटी वगळली तर यातला एकही विस्तव २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो त्या दिवशी, पेटत नाही. युरोपातल्या ‘यूल’च्या धर्तीवर आपणही त्या दिवशी विस्तव पेटवून उत्तरायण साजरं करावं, असं अधूनमधून कुणी सुचवतं. त्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या: संक्रांत असताना हे कशाला, आणि विस्तव पेटवणं ही आपली चाल आहेच कुठे? या देवाणघेवाणीत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. सूर्य वळण्याचा दिवस कोणता मानायचा, त्या दिवसाशी विस्तवाचं नातं काय, आणि दाट वस्तीच्या कारखानदारी गावात तो पेटवावा का. पहिल्यावर मराठीत शंभराहून अधिक वर्षं काथ्याकूट झाला आहे, दुसऱ्यावर जगभर. तिसऱ्यावर मात्र सोसायटीच्या सभांपलीकडे फारसं कुणी बोललेलं नाही.

दिवसाचा वाद

काळेवाडी साधारण १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला सूर्य माथ्याच्या जास्तीत जास्त जवळ येतो तो बाराच्या ठोक्याला नव्हे, १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमाराला. त्या क्षणी सपाट गच्चीवर उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ९० सेंटीमीटर पडते. दुपारची एवढी लांब सावली वर्षभरात दुसऱ्या कुठल्या वेळी पडत नाही. १४ जानेवारीला तीच सावली ८४ सेंटीमीटरवर आलेली असते. म्हणजे संक्रांतीला सूर्य वळत नाही, तो वळून तीन आठवडे झालेले असतात. एवढ्यापुरता वाद काठीनेच मिटतो.

पण लोकांच्या अनुभवालाही काही बाजू आहे. २२ डिसेंबरचा दिवस आपल्याकडे सुमारे अकरा तासांचा, आणि संक्रांतीचा त्याहून जेमतेम सात मिनिटांनी मोठा. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ हे म्हणणं हिशेबालाही धरून आहे. शिवाय सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. संध्याकाळ मात्र नोव्हेंबरअखेरीपासूनच लांबू लागलेली असते. चाकणच्या पहिल्या पाळीसाठी अंधारात घर सोडणाऱ्याला सकाळ लवकर उजाडू लागल्याचं जाणवतं ते संक्रांत उलटल्यावरच. खगोलाच्या दृष्टीने उशिराचा असलेला सण या अक्षांशावर पहाटेच्या अनुभवाशी बरोबर जुळतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लेखनात फारशी आलेली नाही.

तीन आठवड्यांची ही तफावत पडते पृथ्वीचा अक्ष संथपणे डोलत असल्यामुळे. आपली पंचांगं राशी ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि ऋतूंच्या संदर्भाने मोजलेला बिंदू त्या ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांदरम्यान सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायण एकाच दिवशी येत. नेमकं शतक कोणतं, ते राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर ठरतं. त्याआधीच्या वेदांग ज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहून ठेवलं की जुन्या शास्त्रात धनिष्ठेपासून सांगितलेलं उत्तरायण आता मकरेपासून होतं. फरक दिसला की नोंदवायचा ही रीत आपल्याकडे जुनीच. फरक दिसल्यावर सण हलवायचा का, हा वाद त्या मानाने अलीकडचा.

संक्रांत सरकते हे पाहायला फार मागे जायला नको. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि पुढच्या शतकात ती १५-१६ला येत जाईल. याच गणिताने १४ जानेवारी १७६१ला, पानिपतच्या दिवशी, संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. ‘संक्रांत कोसळली’ हे पानिपतासंदर्भात आपण सहज बोलून जातो ते आजच्या कॅलेंडरची तारीख मागे नेऊन. दुःखाला त्याने बाधा येत नाही, म्हणून कुणी दुरुस्तही करत नाही.

मराठीतला पंचांगवाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेटला. तोवरची पंचांगं बहुतांशी नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वर (१५२०) बेतलेली होती, आणि साडेतीन शतकांत आकाश आणि गणित यांच्यात अंतर पडलं होतं. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग उभं केलं, ते पटवर्धनी म्हणून ओळखलं गेलं. इथून पुढे तीन पक्ष पडले.

सायनवाद्यांचं म्हणणं सरळ होतं: सण ऋतूंचे आहेत, तेव्हा राशीही ऋतूंच्या बिंदूपासून मोजा. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८८०च्या दशकात सायन पंचांग छापायला सुरुवात केली. त्यात उत्तरायण आणि मकरसंक्रांत दोन्ही डिसेंबरात. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ (१८९६) हा ग्रंथ या विषयाचा आजही पाया मानला जातो. त्यांची मुख्य काळजी दूरची होती: असंच चालू राहिलं तर काही हजार वर्षांनी संक्रांत भर उन्हाळ्यात येईल आणि तीळगुळाला अर्थ उरणार नाही.

दुसरे दोन पक्ष निरयन, म्हणजे तारे सोडायचे नाहीत असं म्हणणारे. त्यांच्यात भांडण होतं ते आरंभबिंदूवरून. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा प्रमाण धरला. छत्र्यांच्या वाटेने गेलेल्या लोकमान्य टिळकांनी रेवती धरला. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि कधीकधी अधिक महिनाही निराळा पडतो. १९०४ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात, सांगलीत यावर परिषदा भरल्या, पण एकमत झालं नाही. रत्नागिरीकडे आणि पुण्यात टिळक पंचांग पाळणारी घरं आजही आहेत. म्हणजे एकाच सोसायटीत तीळगूळ चार दिवसांच्या अंतराने दोनदा मिळू शकतो, आणि त्याने कुणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधार समिती नेमली गेली. निर्मलचंद्र लाहिरी सचिव होते, सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. १९५५च्या अहवालातून आलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तीत महिने ऋतूंना बांधलेले आहेत आणि १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. सायनवाद्यांचं मागणं सरकारी कागदावर असं मान्य झालेलं आहे. सणांसाठी मात्र समितीने तडजोड सुचवली: झालेली तफावत आहे तिथेच गोठवावी, यापुढे वाढू देऊ नये. व्यवहारात ती उतरली नाही. ‘दाते’ असो वा १९७३पासून घरोघरी टांगलेलं ‘कालनिर्णय’, संक्रांत चित्रापक्षाने सरकतच राहते.

अशी घसरण आपल्याकडेच झाली असं नाही. स्वीडनमधला सेंट लुसियाचा दिव्यांचा सण १३ डिसेंबरला असतो. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात मध्ययुगाच्या उत्तरार्धात तो वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या जवळ येई. १७५३ साली स्वीडनने कॅलेंडर बदललं, पण सण जुन्या तारखेलाच चिकटून राहिला. लोकांनी दिवे तारखेला लावले, सूर्याला नाही.

विस्तव कशासाठी?

हिवाळ्यातल्या विस्तवांविषयी अभ्यासकांत दोन जुनी मतं आहेत. जर्मन अभ्यासक विल्हेल्म मानहार्ट यांच्या मते हे विस्तव सूर्याला बळ देण्यासाठी: जे वर व्हावं असं वाटतं त्याची नक्कल माणूस खाली करतो. फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी हे नाकारलं. विस्तव आधी जाळतो, धुरकटवतो, रोगराई आणि भुतंखेतं पळवतो, म्हणून त्याचा मूळ हेतू शुद्धीचा, असं त्यांचं म्हणणं. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाव’च्या १९१३मधल्या भागात दोन्ही बाजू मांडून अखेर शुद्धीच्या मताकडे कौल दिला. पुढे रोनल्ड हटन यांनी ‘स्टेशन्स ऑफ द सन’ (१९९६) या पुस्तकात तिसराच मुद्दा आणला: मूळ हेतू शोधण्याआधी चाल किती जुनी ते तपासा. ब्रिटनमधल्या ‘यूल’च्या ओंडक्याचे पुरावे सतराव्या शतकापलीकडे जात नाहीत, हे त्यांनी दाखवलं. युरोपाचं अनुकरण करू पाहणाऱ्यांनी आणि ‘हे सारं आपलंच, हजारो वर्षांचं’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही सावधगिरी उसनी घेण्यासारखी आहे.

अक्षांशाचा विचारही करायला हवा. लंडनला २१ डिसेंबरचा दिवस आठ तासांहून कमी असतो. तिथे सूर्य परतेल की नाही या धास्तीची कल्पना करता येते. पुण्यात सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. एवढ्या फरकाने कुणाच्या पोटात गोळा येत नाही. टिळकांनी १९०३च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये वैदिक लोकांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे नेलं. दीर्घ रात्र आणि सूर्याचं परतणं यांना वेदांत आलेलं महत्त्व त्यांना या अक्षांशांवर पटण्याजोगं वाटेना. तो सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत, पण टिळकांना पडलेला प्रश्न खरा होता.

वैदिक वाङ्मयात सूर्याच्या वळणाचा विधी सापडतो, तो महाव्रत. वर्षभर चालणाऱ्या गवामयन सत्रातला हा शेवटून दुसरा दिवस, आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो उत्तरायणाच्या आरंभाचा. ऐतरेय आरण्यकात आणि श्रौतसूत्रांत त्याचं वर्णन यज्ञापेक्षा जत्रेसारखं वाटतं. ‘होता’ हा ऋत्विज झोपाळ्यावर बसतो, दुंदुभी वाजतात, कातड्यासाठी लुटुपुटीची झटापट होते आणि पाण्याचे घडे घेतलेल्या दासी मार्जालीय अग्नीभोवती गात फेर धरतात. मधोमध अग्नी आणि फेर धरणाऱ्यांजवळ पाणी, हे चित्र मानहार्टच्या चौकटीत नीट बसत नाही. महाव्रत आणि आजच्या संक्रांतीत थेट धागा आहे असं म्हणणारेही आहेत, पण मधल्या शतकांची साखळी कुणी जोडून दाखवलेली नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात संक्रांतीचा सविस्तर विचार केला आहे. त्यातला मुख्य आधार पुराणं आणि निबंधग्रंथ यांचा, आणि भर स्नान, दान, तीळ यांवर आहे.

मराठी चाल

महाराष्ट्रातल्या भोगीला विस्तव आहे तो चुलीपुरता. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभरा-वाटाणा-गाजर-वांगं-पावट्याची लेकुरवाळी भाजी, मुगाची खिचडी, लोणी. संक्रांतीला सुगडं आणि वाण, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. चौकात लाकडं रचण्याची चाल यात नाही.

लोहरीशी तुलना केली की एक गोष्ट लक्षात येते. पंजाबात पहिली लोहरी महत्त्वाची असते ती नव्या सुनेची आणि नव्या बाळाची. त्यांना विस्तवाजवळ आणतात, तीळ, गूळ, शेंगदाणे, लाह्या आगीत टाकतात. आपल्याकडे त्याच आठवड्यात नव्या सुनेला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, बाळाला काळं झबलं आणि बोरन्हाण: बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा डोक्यावरून ओततात. घरात आलेल्या नव्या जिवांना हिवाळ्याच्या मध्यावर गावासमोर आणायचं, धान्याने आणि तिळगुळाने न्हाऊ घालायचं, हा सांगाडा दोन्हीकडे एकच. विस्तव तेवढा एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही.

तो का नाही, याची दोन उत्तरं दिली जातात. इथे थंडी कमी, हे पहिलं. ते टिकत नाही, कारण चेन्नईत थंडी आपल्याहून किती तरी कमी, तरी तिथे भोगीच्या पहाटे जुनं सामान जाळतात. दुसरं उत्तर जास्त विचार करण्याजोगं: आपला वर्षाचा मोठा विस्तव होळीने घेतला. कोकणातला शिमगा पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. नकाशावर ठेवून पाहिलं तर हे म्हणणं बऱ्यापैकी उतरतं. तमिळनाडू आणि आसाम इथे होळीच्या आगीचा जोर कमी, तर भोगी आणि माघ बिहूची ‘मेजी’ मोठी. गुजरात, महाराष्ट्र, बिहार इथे होळी मोठी, संक्रांतीला पतंग, तीळगूळ, खिचडी. कर्नाटकात तर एकाच राज्यात दोन्ही दिसतं: मंड्या-म्हैसूरकडे संक्रांतीला गुरांना पेटत्या गवतावरून उडी मारायला लावतात, आणि आपल्या सीमेकडच्या उत्तर भागात कामदहनाचं प्रस्थ. पंजाबच्या आसपास हा नियम ढिला पडतो हे कबूल. तरी मला हे उत्तर थंडीच्या उत्तराहून अधिक पटतं.

मात्र मराठी घरात सूर्याला वाहिलेला विस्तव मुळीच नाही असं म्हणणं चूक आहे. तो रथसप्तमीला असतो. पाटावर सात घोड्यांच्या रथातला सूर्य काढतात, अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या पेटवून त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात, सूर्याला दिसेल असं, आणि ते उतू जाऊ देतात. उतू गेलेलं दूध विस्तवात पडतं, तोच नैवेद्य. काही घरांत दूध कोणत्या दिशेला सांडलं यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. संक्रांतीपासून चालू असलेली हळदीकुंकवं या दिवशी संपतात. तमिळ पोंगलमध्येही मडकं सूर्यासमोर उतू जावं लागतं. रथसप्तमीच्या दिवशी तिकडे सूर्यपूजा असतेच, पण उकळणारं मडकं संक्रांतीला. आपल्याकडे दूध माघात.

रथसप्तमी चांद्र तिथीने येत असल्यामुळे ती मागेपुढे होते: २०२४ साली १६ फेब्रुवारी, २०२५ साली ४ फेब्रुवारी, २०२६ साली २५ जानेवारी. सूर्याच्या वळणाचा सण चंद्राच्या तिथीवर का, याचं उत्तर पंचांगवाद्यांच्या तिन्ही पक्षांनी दिलेलं नाही. तेवढ्या दिवसांत ऊन जाणवण्याइतकं बदललेलं असतं हे मात्र खरं. २५ जानेवारीला मघाच्या काठीची सावली ७७ सेंटीमीटरवर आलेली असते. इराणातही असंच आहे. लांब रात्रीची ‘यल्दा’ दिवे, डाळिंब, कलिंगड यांनी जागवतात, आणि मोठी आग ‘सदे’ या सणाला, यल्दानंतर चाळीस दिवसांनी. सूर्य वळला हे एका दिवशी समजतं आणि उबेची खात्री बऱ्याच दिवसांनी पटते. विस्तव या दुसऱ्या दिवसाचा असावा, असं मानायला इथे जागा आहे.

धर्माशी संबंध नसलेले दोन विस्तव याच दिवसांतले. ज्वारीची कणसं हिरवी असताना रानात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी लावायची, कणसं भाजून हातावर चोळायची, आणि गरम हुरडा शेंगाचटणी-गुळाबरोबर खायचा. रायगडात याच मोसमात पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, हवं तर अंडी-कोंबडी, आणि वरून पेंढापातेऱ्याचा जाळ. विस्तवाभोवती बसण्याची मराठी हौस इथे पुरेपूर भागते. लोकपरंपरेवरच्या लेखनात या आगटीला ‘सण’ म्हणून जागा मिळत नाही, ती ‘खाद्यसंस्कृती’त जाते.

वर्षअखेरीची अस्सल आग शोधायची तर गोव्यात आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांत जावं लागतं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जुन्या कपड्यांत गवत भरून केलेला ‘ओल्ड मॅन’ जाळतात. मुलं आधी दारोदार त्याच्या नावाने पैसे मागत हिंडतात. लाल लोईलाही सिंधी मुलं घरोघर लाकडं मागत फिरतात, आणि ज्यांचा नवस फळला त्या बायका आगीत नारळ टाकतात. होळीच्या गोवऱ्या मागणारी, वेळ आली तर पळवणारी आपली पोरं याच जातकुळीची. मागून आणलेलं सरपण हे या साऱ्या आगींचं समान लक्षण, आणि ते कोणत्याही सिद्धांतात पुरतं मावलेलं नाही.

धुराचा प्रश्न

फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांची छावणी उभी राहिली तेव्हा आसपास मोकळी रानं होती. आज नदीअलीकडे तापकीरनगर, नढेनगर, ज्योतिबानगर, विजयनगर इथल्या गल्ल्यांत दुचाक्यांच्या रांगांमधून वाट काढावी लागते. वर विजेच्या आणि केबलच्या तारा. लाकडं रचायला जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग किंवा गल्लीचं तोंड. त्यामुळे लोहरी बऱ्याच ठिकाणी लोखंडी घमेल्यात आली आहे आणि रथसप्तमीचं दूध बाल्कनीतल्या गोवरीच्या तुकड्यावर, नाहीतर थेट गॅसवर.

हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, म्हणून धूर वर जात नाही, नदीच्या सखल भागात तर तसाच बसून राहतो. चेन्नईत भोगीच्या सकाळी विमानांना उशीर होण्याइतकं धुरकं पडतं, आणि तिथलं प्रदूषण नियंत्रण मंडळ दरवर्षी धूरविरहित भोगीचं आवाहन करतं. काळेवाडीतल्या दोन-चार आगींची तुलना त्याच्याशी होणार नाही. पण दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या खिडकीखालची एक आगही त्याच्यासाठी पुरेशी असते, हे मर्यादा घालू पाहणाऱ्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही पोकळ नाही: वर्षभर कारखाने आणि वाहनं यांचा धूर सोसायचा, आणि निर्बंध मात्र एका रात्रीच्या सणावर. परक्या गावात येऊन राहिलेल्यांना ती एक रात्र आपल्या माणसांत घालवायची असते. मधला मार्ग सांगणारे म्हणतात, गल्लीगल्लीत दहा आगींऐवजी मैदानावर एक करा. त्यावर, विस्तवाची अर्धी मजा तो आपल्या दारात असण्यात आहे, असं उत्तर येतं, आणि गोष्ट तिथेच थांबते.

कायदा यात अर्धवट बोलतो. राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली आणि साध्या उल्लंघनाला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. आदेशाची तारीख २२ डिसेंबर २०१६. तो आदेश कचऱ्यापुरता आहे, सरपणाविषयी नाही.

आणि या पट्ट्यात खरी मेख इथेच आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांमुळे इथे सर्वांत सहज मिळणारं जळण म्हणजे पॅकिंगची खोकी आणि पॅलेटचं लाकूड. परदेशी मालाबरोबर फिरणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून किडमुक्त केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसऱ्या प्रकारचं लाकूड जाळू नये. प्लायवूडचे, रंगवलेले तुकडेही जाळू नयेत, कारण त्यांतल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर साध्या लाकडाहून विषारी. फाट्यावरच्या शेकोटीत हे सगळं एकत्र जातं. लोहरीवर बोट ठेवणाऱ्यांचं लक्ष एका रात्रीकडे असतं. शेकोटी डिसेंबर-जानेवारीत रोज पेटते, तिच्याभोवती बसणाऱ्यांना दुसरी ऊब नसते, आणि तिच्या बाजूने बोलायला कुठलंही मंडळ नाही.

अजून न सुटलेलं

दिवसाच्या प्रश्नावर खगोलशास्त्रीय मतभेद उरलेला नाही. उरला आहे तो एवढाच, की सण आकाशाचा मानायचा की एकत्र येण्याच्या ठरलेल्या तारखेचा. २२ डिसेंबर स्वतंत्रपणे पाळायला कुणाची हरकत असण्याचं कारण दिसत नाही. पुण्यात १९४४पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्था आहेत, आणि काठी-सावलीचा प्रयोग कुठल्याही शाळेच्या मैदानावर होतो. त्यासाठी विस्तव लागत नाही. विस्तव हवाच असेल तर तो यूलच्या ओंडक्याचा का, हुरड्याची आगटी का नको, असं विचारता येईल. डिसेंबरअखेर हुरडा यायला लागलेला असतो.

विस्तवाच्या अर्थाबद्दल मानहार्ट आणि वेस्टरमार्क यांच्यातला तिढा आपल्या साहित्यावर कुणी नीट तपासलेला नाही. त्यासाठी रथसप्तमीच्या दुधाची गावोगावची नोंद लागेल: कुठल्या जातीजमातींत ही चाल आहे, कुठल्या नाही, गोवरीच का, सांडण्याची दिशा कोण पाहतं, आणि फ्लॅटमध्ये आल्यावर काय सुटलं, काय राहिलं. काळेवाडी अशा नोंदीला सोयीची जागा आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण इथून आलेली घरं इथे एकाच जिन्यात सापडतात.

धुराचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचं उत्तर दरवर्षी प्रत्यक्ष द्यावं लागतं. गोवरीला कुणी कचरा म्हणणार नाही. पॅलेट कचरा की सरपण, हे आदेशात लिहिलेलं नाही. रात्री दहा वाजता तक्रार आली तर गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या आरोग्य निरीक्षकाला ते तिथल्या तिथे ठरवावं लागतं, समोर बाळाची पहिली लोहरी असो, लाल लोईचा नारळ असो, की तिसऱ्या पाळीचा रखवालदार.